कन्हार, बरडी आणि विजेची दुचाकी

भंडारा जिल्ह्यात डोंगर आहेत असे सांगितले, तर सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेला वाचक किंचित स्मित करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. कारण तुमसर तहसिलीतील अंबागडाची टेकडी, गायखुरीची रांग आणि कोक्याच्या जंगलातले चढउतार हे सारे एकत्र केले तरी रायगडाच्या एका कड्याशी त्यांना बरोबरी सांगता येणार नाही. परंतु वाटेचा अवघडपणा उंचीवर मोजण्याची जी सवय घाटांनी आपल्याला लावली आहे, ती वैनगंगेच्या या मुलखात निरुपयोगी ठरते. येथे वाट अवघड होते ती मातीमुळे, पाण्यामुळे आणि उन्हामुळे. आणि ज्या दुचाकीने घाट लीलया चढला, ती येथे रोवणीच्या दिवसांत एका पांदणीत दोन फर्लांगांवर फसून बसते.

बंदोबस्ताच्या जुन्या दप्तरांत या जिल्ह्यातील जमिनींची जी प्रतवारी आढळते, ती सारा ठरवण्याकरिता केलेली असली, तरी दुचाकीस्वाराला तिच्याइतका उपयुक्त मार्गदर्शक दुसरा नाही. कन्हार ही काळी, जड, चिकण. पावसाळ्यात तिच्यातून चाक गेले की माती चाकाला लागते, चाकाची माती मडगार्डात भरते, आणि मग चाक फिरेनासे होऊन स्वाराला खाली उतरून काडीने ती उकरत बसावे लागते. मोरांड तिच्याहून थोडी मवाळ. सिहार पिवळसर, रेताड, पाणी पिऊन वर साय धरणारी. तिच्यावर चाक रुतत नाही, घसरते. आणि उंचवट्यावरची बरडी म्हणजे तांबड्या मुरमाचा पसारा: कोरड्या ऋतूत तिच्या उतारावर ब्रेक दाबला की सांडलेल्या हरभऱ्यावर पाय ठेवल्याची प्रचीती येते. खर्डीचा उल्लेख केवळ यादीच्या पूर्णतेसाठी. दुचाकीशी तिचे फारसे वैर नाही. या मातींच्या मधून धानाच्या बांध्या, त्यांचे हातभर रुंदीचे धुरे, मालगुजारी तलावांच्या पाळी, बोड्या आणि नाले. वर्षाकाठी सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास. हलक्या विजेच्या डर्ट बाइकने पेट्रोलच्या दुचाकीला अवघड वाटेवर मागे टाकले आहे काय, या सध्या जगभर चाललेल्या वादाची कसोटी पाहायला याहून कठोर परीक्षक मिळणे कठीण.

हा वाद समजून घेण्यापूर्वी आपल्या घरचा इतिहास आठवणे बरे. या भागातल्या पायवाटांवर यंत्र आणले ते साहसप्रेमी तरुणांनी नव्हे. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १९६०च्या दशकात आली. ती दणकट होती, दूधवाल्यांना आणि कंत्राटदारांना प्रिय होती, आणि चिखलात आडवी झाली म्हणजे उभी करायला दोन माणसे लागत. नंतर फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना आणली. पन्नास सीसीचे ते बापुडवाणे यंत्र चढावर दम टाकी, आणि स्वाराला पायडल मारून त्याला साहाय्य करावे लागे. तरीही गुरुजी, ग्रामसेवक आणि पोस्टमन यांनी तिला जवळ केले ते एका गुणामुळे, की जिथे ती चालत नसे तिथे ती उचलता येई. धुऱ्यावरून तोल गेला तर माणूस एकीकडे पडे, लूना दुसरीकडे, आणि दोघेही एका मिनिटात मार्गस्थ होत. १९९४पासून स्प्लेंडर आली आणि तिने सारा जिल्हा जिंकला, पण तीही सुमारे एकशे बारा किलोंची, म्हणजे आजच्या मानाने हलकीच. अवघड वाटेचे पहिले शास्त्र आपल्या लोकांना कोणी शिकवले नव्हते, तरी ते त्यांना ठाऊक होते: शक्ती कमी पडली तर ढकलता येते, वजन जास्त झाले तर काहीच करता येत नाही.

नेमका हाच धडा मोटारसायकलींच्या बाजारपेठेने पुढे विसरून टाकला. आज आपल्याकडे वाटेबाहेरची म्हणून जी दुचाकी विकली जाते, तिच्यात हिरोची एक्सपल्स २०० ही सुटसुटीतांपैकी एक, आणि तिचे वजन सुमारे १५८ किलो; रॉयल एनफिल्डची नवी हिमालयन १९६ किलोंची. लडाखच्या मार्गावर यांची योग्यता वादातीत आहे. पण भर श्रावणात कन्हारीत आडवी झालेली १९६ किलोंची गाडी एकट्याने उभी करून पाहावी, म्हणजे जाहिरातीतील हिमशिखरांचा अर्थ कळतो. युरोपात केवळ वाटेबाहेरच्या शर्यतींसाठी घडवलेल्या पेट्रोलच्या दुचाक्या शंभर-एकशेपाच किलोंच्या आणि खडकांवर तोल सांभाळण्याच्या ट्रायल्स प्रकारातील दुचाक्या सत्तरीच्या आत असतात. परंतु त्यांची किंमत आणि त्यांच्या इंजिनांची नाजूक देखभाल सामान्य माणसाच्या आवाक्यात बसत नाही.

या पोकळीत २०१८च्या सुमारास चीनमधील सर-रॉन कंपनीची लाइट बी ही विजेची दुचाकी शिरली. पन्नास-पंचावन्न किलोंचे वजन, सायकलीच्या घराण्यातली चौकट, मधोमध काढता-घालता येणारी बॅटरी आणि डाव्या मुठीपाशी क्लचच्या जागी मागचा ब्रेक. ती मोटारसायकल आहे की सायकल, याविषयी अनेक देशांच्या वाहतूक खात्यांना अद्याप प्रश्न पडतात. तिच्या मागोमाग त्याच वळणाची पासष्ट-सत्तर किलोंची टालारिया आली. दुसऱ्या टोकाला बार्सिलोनाच्या स्टार्क कंपनीने २०२१च्या अखेरीस वार्ग नावाची ऐंशी अश्वशक्तीची मोटोक्रॉस दुचाकी जाहीर केली, आणि वीज म्हणजे दुर्बळ असा जो एक समज होता तो तिने कायमचा मोडला. भारतात बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीने मार्च २०२५मध्ये शॉकवेव्ह जाहीर केली: वजन १२० किलो, बॅटरी चार किलोवॅट-तासांची, आणि एका चार्जमध्ये १६५ किलोमीटरचा दावा. दावा हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. तो आकडा चाचणीच्या पट्ट्यावरचा, धानाच्या बांधीतला नव्हे.

आता गुणावगुणांकडे वळू, आणि आरंभ क्लचपासून करू, कारण या साऱ्या वादात जाणकारांचे मतभेद जिथे सर्वांत खोल आहेत ती जागा हीच. पेट्रोलच्या इंजिनाला शून्यापासून जोर देता येत नाही. त्याला आधी फिरत राहावे लागते, आणि फिरते इंजिन व थांबलेले चाक यांच्यातला संसार क्लच सांभाळतो. अवघड चढावर स्वार डाव्या हाताच्या दोन बोटांनी जे ‘हाफ क्लच’चे राजकारण अखंड चालवतो, ती एक कला आहे, आणि ती शिकण्यात वर्षे जातात; चुकले तर गाडी बंद पडते, आणि उतारावर तोंड वर करून बंद पडलेली गाडी ही स्वाराची सर्वांत असहाय अवस्था. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते, बंद पडणे तिला ठाऊक नाही, गिअर बदलणे नाही. मुरमाड चढावर ती माणसाच्या चालीने, पुटपुटत नव्हे तर निमूटपणे, चढत जाते. नवशिक्याला जे पाच वर्षांत येत नाही ते ती पाच दिवसांत देते. या एका मुद्द्यावर विजेचा विजय मी निःशंकपणे मान्य करतो.

मात्र जुन्या स्वारांची तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे. इंजिनात एक जड फ्लायव्हील फिरत असते, आणि त्या फिरण्यात शक्तीचा साठा असतो. समोर आडवे झाड किंवा खडकाची पायरी आली, तर क्लच दाबून, रेस वाढवून, मग तो एकदम सोडून त्या साठ्याचा एक झटका मागच्या चाकाला देता येतो आणि पुढचे चाक अडथळ्यावर चढते. विजेच्या हलक्या यंत्रात हा साठा नाही. म्हणूनच इलेक्ट्रिक मोशन या फ्रेंच कंपनीने आपल्या विजेच्या ट्रायल्स दुचाक्यांना मुद्दाम क्लच बसवला. दुसरी गोष्ट निसरड्या सिहारीची. तिथे एकदम येणारा पूर्ण टॉर्क हे वरदान राहत नाही, चाक जागच्या जागी गरगरते आणि खड्डा खणते. यंत्रणेतून टॉर्क सौम्य करण्याची सोय असते, पण ती वापरण्याचा विवेक स्वाराकडे असावा लागतो. त्या उलट, क्लच गेल्याने मागचा ब्रेक हातात आला हा लाभ बरडीच्या उतारावर अमूल्य आहे: दोन्ही पाय जमिनीला टेकवायला मोकळे राहतात.

अंतराचा प्रश्न तर निव्वळ अंकगणिताचा आहे आणि तो भावनेने सुटणार नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या बिलावरच्या भाषेत बोलायचे तर सुमारे नऊ युनिटे ऊर्जा असते. दुचाकीचे इंजिन तिच्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवते, उरलेली उष्णता म्हणून उधळते. म्हणजे पदरी पडतात दोन युनिटे. हलक्या विजेच्या डर्ट बाइकची बॅटरी सुमारे सव्वादोन ते अडीच युनिटांची, आणि मोटर तिच्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक हिस्सा कामी लावते. म्हणजे पदरी पुन्हा दोनच युनिटे. तात्पर्य, पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे टाकीत एक लिटर पेट्रोल. वजन निम्म्याहून कमी असल्याने त्या लिटरात ती अधिक दूर जाईल, हे खरे; तरी चढ, वाळू आणि चिखल धरून अवघड वाटेवरचे तीस-चाळीस किलोमीटर ही तिची मर्यादा समजावी. एक लिटर पेट्रोल घेऊन जंगलाकडे निघणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. शिवाय पेट्रोलवाल्याला गावच्या किराणा दुकानात बाटली मिळते, दोन मिनिटांत तो पुन्हा सज्ज होतो; बॅटरीवाल्याला घरगुती प्लगवर तीन-चार तास बसावे लागते, आणि त्या वेळी वीज असावी लागते, ही दुसरी अट आमच्याकडे पहिलीपेक्षा कठीण.

उन्हाविषयी परदेशी लेखनात फारसे सापडत नाही, कारण त्या लेखकांनी मे महिन्यातला पवनी-लाखांदूरचा रस्ता पाहिलेला नसतो. लिथियमच्या बॅटरीला थंडी बाधते तशी उष्णताही बाधते. पेशींचे तापमान साधारण पंचेचाळीस अंशांच्या वर गेले की बहुतेक बॅटऱ्यांचे नियंत्रक चार्जिंग रोखून धरतात, आणि चालताना मोटर फार तापली तर शक्ती आपोआप कमी करतात. सावलीतही हवा चव्वेचाळीस अंशांची असताना दुपारी फिरून आलेली बॅटरी चार्जिंगला लावणे म्हणजे तापात असलेल्या माणसाला जेवू घालणे. पेट्रोलचे हवेने थंड होणारे इंजिनही मंद चढावर उकळते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ते थांबून झाडाखाली गार होते आणि त्याचे आयुष्य त्यामुळे फारसे घटत नाही.

पाण्यात मात्र पारडे पुन्हा फिरते. चुलबंद, बावनथडी, सूर या नद्यांचे आणि त्यांच्या असंख्य नाल्यांचे उतार ओलांडताना पेट्रोलच्या गाडीचे मरण हवेच्या फिल्टरमध्ये आहे. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेले, आणि पाणी दाबले जात नसल्याने वर येणारा दट्ट्या त्यावर आदळला, की आतला दांडा वाकतो. विजेच्या यंत्राला श्वासच घ्यावा लागत नाही. त्याची मोटर आणि बॅटरी बंदिस्त असतात. भीती असते ती जोडण्यांमध्ये झिरपणाऱ्या ओलीची, आणि तिचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, आठवड्याने दिसतो.

दुरुस्तीचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो उघड आहे. विजेच्या दुचाकीत बिघडण्यासारखे भाग थोडे: ना प्लग काळा पडतो, ना कार्बोरेटर कचऱ्याने बुजतो, ना तेल बदलावे लागते. पण जे थोडे भाग आहेत त्यांतला कंट्रोलर गेला तर साकोलीच्या निष्णात मिस्त्रीचे हातही बांधलेले असतात. पेट्रोलची गाडी वारंवार बिघडते आणि सर्वत्र दुरुस्त होते. वस्तुतः एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियमांमुळे पेट्रोलच्या दुचाक्यांतही इंधनफवारणीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, तेव्हापासून हा फरक पूर्वीइतका राहिलेला नाही, एवढे नमूद केले पाहिजे.

आवाजाच्या प्रश्नावर सर्वांत जास्त काव्य होते आणि सर्वांत कमी विचार. विजेची दुचाकी निःशब्द, म्हणून ती वनाला अनुकूल, असा एक युक्तिवाद केला जातो. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्या नागझिऱ्यावर पुस्तक लिहिले ते अभयारण्य त्या काळी भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. तिथले जंगल पायी चालणाऱ्याला आणि एका जागी बसणाऱ्याला दिसते, ही गोष्ट त्या भागातला कोणीही जुना माणूस सांगेल. त्या दृष्टीने इंजिनाचा धडधडाट ही आपत्ती होय, यात शंका नाही. परंतु आमच्या जंगलात अस्वल आहे. चैत्रात मोहफुले वेचायला पहाटे निघालेली माणसे आणि त्याच फुलांच्या लोभाने आलेले अस्वल यांची गाठ अचानक पडते तेव्हाच अनर्थ होतो. चाहूल आधी लागली तर अस्वल बहुधा बाजूला होते. पेट्रोलची गाडी आपली वर्दी अर्धा मैल पुढे धाडते. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने, आवाज न करता वळणावर प्रकट होणारी दुचाकी ही त्या अस्वलासाठी, आणि तिच्या स्वारासाठी, कोणत्या अर्थाने अनुकूल, हे मला उमगलेले नाही. तेंदूपत्ता तोडायला वाकलेल्या बाईलाही ती ऐकू येणार नाही.

आणि मुळात जायचे कुठे? हौशी स्वाराच्या लक्षात हा प्रश्न शेवटी येतो, वास्तविक तो पहिला आहे. कोका अभयारण्य २०१३ साली जाहीर झाले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात ते समाविष्ट आहे. पवनीच्या बाजूला उमरेड-करांडला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चा, म्हणजे लूनाच्याच वयाचा. त्याच्या सत्ताविसाव्या व अठ्ठाविसाव्या कलमांनी अभयारण्यातला प्रवेश परवान्याने आणि ठरावीक प्रयोजनांसाठीच ठेवला आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांचा त्यांत उल्लेख आहे, दुचाकी उडवण्याचा नाही, आणि पर्यटनाच्या शब्दात ती दडवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. अभयारण्याबाहेर गावोगावी जी झुडपी जंगले पसरली आहेत, ती मोकळी जागा म्हणून डोळ्यांत भरतात. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांतल्या या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी वनच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. तेव्हा तीही वाट मंजुरीवाचून बंद समजावी. उरतात पांदणी, शेतमालकाच्या संमतीने त्याचे पडीक, आणि नदीचे पात्र.

तिथवर पोचण्यासही कायदा आडवा येतो. पाव किलोवॅटच्या आतली मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या हलक्या विजेच्या दुचाकीलाच नोंदणीतून सूट आहे. पाच-सहा किलोवॅटची डर्ट बाइक त्या सवलतीत बसत नाही, आणि नोंदणीयोग्य म्हणून प्रमाणित नसेल तर तिला सार्वजनिक रस्त्यावर उतरण्याचा अधिकारच नाही. भंडाऱ्याहून कोक्याचा परिसर सुमारे वीस किलोमीटर. ती टेम्पोत घालून न्यावी, आणि तो टेम्पो डिझेलवर चालवावा! पर्यावरणाच्या जमाखर्चात ही नोंद कोणत्या बाजूला धरावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हौशीचा विचार बाजूला ठेवला, तर या यंत्राचा खरा हक्कदार कोण हे स्पष्ट दिसू लागते: रोज ठरावीक बीटात, ठरावीक अंतर, मंद गतीने, एकट्याने फिरणारा वनरक्षक. त्याला शंभर किलोमीटर जायचे नसते. त्याचा मुक्काम ठरलेला, तिथे चार्जिंगची सोय करता येते. गाडी पडली तर मदतीला कोणी नसते, म्हणून हलकेपणाचे मोल त्याला सर्वाधिक; आणि शिकाऱ्याला चाहूल न लागता पोचणे हे त्याचे कर्तव्य असल्याने, निःशब्दता, जी हौशी स्वाराच्या ठायी दोष ठरते, ती त्याच्या ठायी गुण होते. अर्थात अस्वलाचा धोका त्यालाही आहे, पण त्याला ते जंगल ओळखीचे आहे. दक्षिण आफ्रिकेत सदर्न आफ्रिकन वाइल्डलाइफ कॉलेजने केक या स्वीडिश कंपनीच्या विजेच्या दुचाक्या शिकारप्रतिबंधक गस्तीसाठी वापरून पाहिल्या, सौरऊर्जेवर चार्जिंग केले. पेट्रोलच्या गाड्यांचा आवाज शिकाऱ्यांना दुरून सावध करतो आणि आडरानात इंधन पोचवणे खर्चाचे असते, हीच त्यामागची कारणे होती. त्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे: २०२४च्या आरंभी केक कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्याआधी कॅलिफोर्नियाची आल्टा मोटर्स २०१८ साली अशीच बंद पडली होती. यंत्र उत्तम आणि सुटा भाग मिळवायला मालकच नाही, ही अवस्था सरकारी खरेदीला परवडत नाही.

म्हणून माझा कौल अर्धवट वाटला तरी असा आहे. पाच-सात किलोमीटरच्या खरोखर दुर्गम वाटेवर हलकी विजेची दुचाकी पेट्रोलच्या दुचाकीपेक्षा श्रेष्ठ आहे, आणि हे श्रेष्ठत्व विजेपेक्षा वजनाचे अधिक आहे; एकशेवीस किलोंच्या विजेच्या गाडीला कन्हार जी वागणूक देते ती एकशेवीस किलोंच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा निराळी नसते. दिवसभराच्या प्रवासाला, अनोळखी मुलखाला आणि मे महिन्याला पेट्रोल अद्याप सरस. शेतकऱ्याच्या पांदणीसाठी या दोघींहूनही योग्य उमेदवार बहुधा ती ९६ किलोंची ई-लूना असेल, जी पुण्याच्या कायनेटिक ग्रीनने फेब्रुवारी २०२४मध्ये आणली. तिच्यात शौर्य नाही, पण मागे पोते बसते.

वन खात्याला एक विनंती. कोक्याच्या एखाद्या बीटात एक विजेची आणि एक पेट्रोलची अशा दोन दुचाक्या एका रोवणीपासून दुसऱ्या रोवणीपर्यंत चालवाव्यात, किती वेळा फसल्या, किती वेळा पडल्या, किती दिवस दुरुस्तीत गेले याची रोजची नोंद वनरक्षकाच्याच हाताने ठेवावी, आणि ती लोकांसमोर मांडावी. यंत्रे ताब्यात घेण्यापूर्वी मात्र दोन्ही तुमसरच्या एखाद्या राईस मिलच्या काट्यावर तोलून घ्याव्यात, आणि नोंदवहीचा पहिला रकाना त्या वजनाचा ठेवावा.